स्पीकरची पिन आणि लाल दिवा

हिवरखेड, मंगळवार संध्याकाळ

हे वारल्यापासून शेतातल्या वॉकीटॉकीवरून दीर बोलतात. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून हे घरच्या सेटला मोठा स्पीकर जोडायचे. आज मी जोडला. पिन पूर्ण बसवली, तर आवाजच नाही आणि बोलताना लागतो तो लाल दिवा सुरू. बोलायचं बटण तर मी दाबलंच नव्हतं!

"लाव ना वं, त्याचा आवाज येऊ दे," सासूबाई.

कोणाचा?

मी चिडून पुटपुटले, "मले शिकवून तरी जायचं होतं."

लगेच दिरांचा फोन. "वयनी, पिन थोडी बाहेर घ्या. तुमचं सगळं इकडं आयकू येऊन राह्यलं." मग हळूच, "दादा अर्धीच घालत होता."

पिन ओढली. लाल दिवा गेला, स्पीकर खरखरला.

सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "जेवाले ये रे लवकर."

दीर रोज शेतातच जेवतात.