गोव्याला निघायचं, पण चंद्रीची धार कोण काढणार?

दिंद्रुड, बुधवार, संध्याकाळ

सुटले बाई एकदाची!

भावाच्या पूजाचं लग्न गोव्याला, समुद्राकाठी. रोज तिचे निरोप येतात. आत्या, सुती कपडे घे, टोपी घे, वाळूत चालायला सपाट चप्पल घे. सगळं खरं, पण आमच्या चंद्रीची धार कोण काढणार, ते कुणी सांगावं? माझ्याशिवाय ही म्हैस पान्हवतच न्हाई. काल जाऊबाई बसल्या, तर लाथेनं बादली उडवली. मग जाऊ कशी मी? पोरीच्या लग्नाला आत्याच न्हाई?

आज जाऊबाईच म्हणल्या, "तुझी ती रोजची हिरवी साडी दे."

"थांबा, धुऊन देते."

"धुऊ नको गं! तिला तुझा वासच पाहिजे."

ती शेणाचे डाग पडलेली हिरवी साडी नेसून त्या बसल्या. मी कडब्याच्या गंजीआड लपून. चंद्रीनं पदर हुंगला. जरा थांबली. आणि बादलीत धार वाजली!

आता खुशाल जाते. हिरवी साडी तेवढी इथंच ऱ्हाईल.

पण खरं लिहू? बादली भरल्यावर मी गंजीआडून पुढं आले, चंद्रीसमोर उभी राहिले. मेलीनं मान वर करून बघितलंसुद्धा न्हाई.