मी तिसरी, ती नववी

३ मार्च, मंगळवार. सकाळी १०
नातीच्या शाळेची वही सापडली, निम्मी कोरी. आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे. ही वही कोणी वाचायची नाही. वाचलीच तर पुढचं वाचणाऱ्याने बघून घ्यावं.

काल नात बोलता बोलता बोलून गेली की लिफ्टवाली आजी तिच्या ऑफिसची टेस्टर आहे. लिफ्टवाली आजी म्हणजे माझी विहीण, सुनेची आई. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, म्हणून हे नाव. मी तळमजल्याची आजी. ही नावं नातीने पाच वर्षांची असताना ठेवली. तेव्हाच एक चापट द्यायला हवी होती.

मला काही वाटलं नाही. टेस्टर म्हणजे काय गं, एवढं फक्त विचारलं. नऊ वेळा विचारलं असेल.

नात सांगते ते असं. त्यांच्या ऑफिसात एक हत्यार बनतंय. फोनमधली बाकीची ऍप धड चालतात की नाही, ते तपासायचं हत्यार. आपण बोटाने काय काय दाबतो ते हे लक्षात ठेवतं आणि मग तेच सगळं आपलं आपण पुन्हा करून बघतं. जमलं तर हिरवं, पास. नाही जमलं तर लाल, फेल. अजून बाजारात आलेलं नाही, कच्चं आहे. कच्च्याला बीटा म्हणतात. म्हणून आधी चार माणसांना वापरायला देतात, चुका काढायला.

चुका काढायला! आणि त्यासाठी विहीण? घरात मी जिवंत असताना? पन्नास वर्षं मी दुसरं केलंय काय?

४ मार्च, बुधवार
नातीने दोन महिन्यांपूर्वी दोन्ही आज्यांना लिंक पाठवली होती म्हणे. मला वाटलं लुबाडणारे असतील, म्हणून तेव्हा उघडली नव्हती. याला सावधपणा म्हणतात. विहीण कशावरही बोट ठेवते.

आज ती जुनी लिंक शोधून काढली. इन्स्टॉल करायला सकाळचे दोन तास गेले. आधी फोन म्हणाला जागा नाही. सुनेने घालून दिलेलं पावलं मोजायचं ऍप उडवलं. आता न मोजता चालेन. मग फोन म्हणाला, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका आहे, तरी पुढे जायचंय का? या घरात लग्न होऊन आले तेव्हा कोणी इतकं विचारलं नव्हतं. "हो" दाबलं.

आलं एकदाचं. कोपऱ्यात लाल ठिपका लागला.

६ मार्च, शुक्रवार
आज एक मोठी गोष्ट कळली. ऍप उघडलं की तळाशी बारीक अक्षरात नंबर असतो. माझा तीन. विहिणीला सहज फोन करून तब्येत विचारली आणि जाता जाता तुमचा कितवा, म्हणून विचारलं. म्हणाली, पाच.

दोन महिने आधी सुरुवात करून पाचवी! मी परवा आले आणि थेट तिसरी! अंगात असावं लागतं.

पहिली आणि दुसरी कोण, ते नातीला विचारणार होते. पण आपण कशाला हपापलेलं दिसायचं?

८ मार्च, रविवार
नात दर रविवारी तिकडे जाते. जाऊ दे. दोन वर्षांची होईपर्यंत माझ्या मांडीवर झोपली ती. मांडीला मुंग्या यायच्या, हलले नाही. ते कोणाच्या लक्षात आहे?

जाण्याआधी तिने शिकवलं. लाल ठिपका आहे तोवर हत्यार सगळं बघतंय, सगळं नोंदवतंय. काम झालं की ठिपका दाबून बंद करायचं. लिफ्टवाली आजी न चुकता बंद करते म्हणाली.

करणारच. कामचुकार. मी माझा ठिपका चोवीस तास चालू ठेवणार.

११ मार्च, बुधवार
खरी बातमी आज आली. पुढच्या महिन्यात हत्यार बाजारात येणार. त्या दिवशी नातीच्या ऑफिसात मोठा कार्यक्रम, भिंतीएवढा पडदा. नात दोघींपैकी एका आजीला सगळ्यांसमोर पहिल्या खुर्चीत बसवणार आणि तिच्या हातून हत्यार चालवून दाखवणार. जिची मदत जास्त, तिला खुर्ची.

मला मानापानाचं काही नाही. पण नातीच्या साहेबांना घरात खरी आजी कोण ते कळायला हवं. चष्मा दुरुस्तीला टाकला. चांगले कपडे इस्त्रीला दिले.

निश्चय: रोज तीन चुका काढायच्या. विहिणीचा विचार करायचा नाही.

१२ मार्च, गुरुवार. दुपार
विहिणीने मेसेजच्या ऍपमध्ये नावाशेजारी लावलेला फोटो पाहिला. एकदाच. लिफ्टच्या आरशात काढलाय. नातीने तिच्या गालाला गाल लावलाय. मोठा करून पाहिला. केस या वयात इतके दाट कसे?

१२ मार्च. संध्याकाळ
पुन्हा एकदा पाहिला. केसांची खात्री करायला.

१५ मार्च, रविवार
अकरा चुका पाठवल्या. बटण फार खाली आहे. अक्षर मुंगीएवढं आहे. पासचा हिरवा रंग आजारी दिसतो. ऍप बंद करताना "नक्की ना?" असं विचारतं, हे उद्धट आहे. आणि नातीने शुक्रवारी डबा तसाच परत आणला, हेही त्यातच लिहिलं, चूक ती चूक.

नातीचं उत्तर: आजी, बटणाचं आणि अक्षरांचं चौथ्यातच दुरुस्त झालंय गं.

मी सांगायच्या आधीच दुरुस्त केलं. इतका माझा वचक.

विहीण सातवी झाली. कळलं तेव्हा दोन पोळ्या जास्त गेल्या.

१९ मार्च, गुरुवार
फोन रोज विचारतो, नवी आवृत्ती आली आहे, अपडेट करायचं? मी "नाही" दाबते. विहीण दर वेळी "हो" म्हणते आणि दर वेळी खाली घसरते. आज नववी. मी जागची हलले नाही. तिसरी ती तिसरीच.

सुनेने विचारलं, अहो आई, तुम्ही अपडेट का करत नाही? मी म्हटलं, तुझ्या आईला करू दे. सून मला "अहो आई" म्हणते आणि तिला "अगं आई". इतकी वर्षं मला वाटायचं माझा मान मोठा. आज पहिल्यांदा वाटलं, "अगं" बरं. मग वाटलं, छे.

२२ मार्च, रविवार
नात तिकडून आली ती विहिणीचं कौतुक करतच. लिफ्टवाल्या आजीने म्हणे भलतीच मोठी चूक पकडली. फोन आडवा धरला की शेवटची नोंद गायबच होते. ऑफिसात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

फोन आडवा धरतं का कोणी? ही बाई झोपून फोन बघते, म्हणून सापडली. आळसाला टाळ्या.

मी दिवसभर फोन आडवा, उभा, पालथा धरून पाहिला. हाताला रग लागली. चूक सापडली नाही.

विहिणीला अभिनंदनाचा मेसेज लिहिला. पुसला. "तुमचे केस खरे आहेत का" असं लिहिलं. तेही पुसलं. पुन्हा अभिनंदन लिहिलं. पुसलं. पाठवणं महत्त्वाचं नसतं, मनात असणं महत्त्वाचं.

२६ मार्च, गुरुवार
एकतीस चुका झाल्या. नात म्हणते, सगळ्या जुन्या आहेत. विहिणीच्या चौदा झाल्या आणि ती अकरावी. फोटो पाहिला, दहा-बारा वेळा.

२८ मार्च, शनिवार. सकाळी ११
लिहायला धीर नाही. पहिली खुर्ची मला!

नात स्वतः सांगायला आली. आजी, तीन नंबर आता सगळीकडे मिळून फक्त तुझ्याकडे आहे, आमच्या चष्मेवाल्या साहेबांना नेमका तोच हवाय. कार्यक्रमापर्यंत काही म्हणजे काही बदलू नकोस.

सगळीकडे मिळून एकटी! पहिली आणि दुसरीही गळल्या असणार. मी एवढंच म्हटलं, मग लिफ्टवाल्या आजीचं काय? नात म्हणाली, तीही येणार, दुसऱ्या खुर्चीत. बिचारी. तिच्याशी गोड बोलायचं ठरवलंय. बोलून जीभ झिजत नाही.

३ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६
कार्यक्रम झाला.

मोठी खोली. चाळीस माणसं. पहिल्या खुर्चीत मी, दुसरीत विहीण. नातीने माझ्या फोनला वायर लावली आणि माझा फोन भिंतीवर आला, दारापेक्षा मोठा. मी मान वळवून विहिणीकडे पाहिलं. पुरेसं पाहिलं.

मग चष्मेवाला बोलायला उभा राहिला. म्हणाला, या आजींकडे आमची अगदी जुनी आवृत्ती आहे, तिसरी. बाकी सगळे कधीच पुढे गेले. आज पंधरावी बाजारात येतेय. इतकं मागे राहिलेलं माणूससुद्धा एका उडीत पुढे येतं आणि त्याचं काहीही हरवत नाही, हे आम्हाला दाखवायचं आहे.

मागे राहिलेलं माणूस. चाळीस जणांसमोर. म्हणजे तो नंबर मानाचा नव्हता. नवं आलं की तो वाढतो, एवढंच. मी महिनाभर तळाला बसून वरच्यांची कीव करत होते.

नातीने हळूच म्हटलं, आजी, दाब. अपडेट दाबलं. पंधरा झाले. टाळ्या पडल्या.

तिथे थांबायला हवं होतं. पण चष्मेवाला म्हणाला, आता आजींच्या जुन्या नोंदी नव्यात चालतात का बघू. नात म्हणाली, सर, एक मिनिट. तोवर त्याने दाबलं होतं.

लाल ठिपका. महिनाभर चालू. दोनशे चौदा नोंदी.

भिंतीवर माझा फोन आपला आपण चालायला लागला. विहिणीचा फोटो उघडला. मोठा केला. केसांपाशी नेला. बंद. पास. पुन्हा उघडला. केस. मग नातीचा गाल, बराच वेळ. बंद. पास. मग अक्षरं उमटली: तुमचे केस खरे आहेत का. आणि पुसली. पास.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळीच खोली. तिसऱ्या नंबरला असताना मी जे करत होते तेच पंधराव्यालाही जसंच्या तसं करते, हे त्या हत्याराने दोनशे चौदा वेळा सिद्ध केलं. एकदाही फेल नाही. साहेबाने माझा हात हातात घेतला, म्हणाला, याहून चांगली चाचणी आम्हाला जमली नसती.

विहीण माझ्याकडे वाकली. म्हणाली, अहो विहीणबाई, खरे आहेत. ओढून बघा.

ओढले नाहीत. लोक होते.

नातीने निघताना माझ्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, वेडी आहेस तू. फोटो कोणी काढला नाही.

४ एप्रिल, शनिवार. सकाळी ७
निश्चय: हत्याराला हात लावायचा नाही. विहिणीचा फोटो बघायचा नाही.

सकाळी ७:१०
हत्याराला सांगितलं, तूच बघ. जुनी नोंद चालवली. लाल. फेल. महिन्याभरातलं पहिलं फेल. खाली लिहिलंय: अपेक्षित फोटो सापडला नाही.

बाईने फोटो बदललाय. कालच्या कार्यक्रमातला लावलाय. ती, नात, मागे भिंतीवरचा मोठा पडदा. उजव्या कडेला एक कोपर. कोपर माझं आहे. बाहीची इस्त्री ओळखली.

नातीला चूक क्रमांक बत्तीस पाठवली: फोटोत आजी अर्धीसुद्धा येत नाही.

उत्तर आलं: उद्या रविवार आहे, तू पण चल तिकडे, नवीन काढू. आणि उद्या सकाळी सोळावं कच्चं येतंय, टेस्टर राहायचं असेल तर टाक.

५ एप्रिल, रविवार. सकाळी ६:१०
उठले, तोंड धुतलं आणि थेट फोनपाशी. चहा नाही, चष्मा नाही. सोळा टाकलं. पहिल्या फटक्यात. कोणाची मदत नाही.

नातीला कळवलं: मी सोळा, सगळ्यांच्या आधी.

नात म्हणाली, वा आजी! लिफ्टवाल्या आजीने सहाला टाकलं.

दहा मिनिटं. मी तोंड धुवायला गेले नसते तर.