तट्टांची धाव

॥ श्री ॥
वाडी, ठेसन चुडावा
ता. ८ जानेवारी १९५५

ती. सौ. पार्वतीअक्का हीस धाकट्या दिनकरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. दाजींच्या खोकल्याचं कळवणे. आपल्या जत्रेतला शर्यतींचा पट माघात आहे आणि कमिटीनं यंदा चिटणिशी माझ्या गळ्यात घातली आहे. हसू नकोस.

गेली दोन वर्षं मी मुद्दाम बांधावर उभा राहून बघितलं. पूर्ण दाताच्या बैलजोड्या सुटतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. दोदाती, कोवळ्या गोऱ्ह्यांना गर्दी कमी, पण जी असते ती जाणत्यांची. पुढं कोणता बैल नाव काढणार हे त्यांना तिथंच कळतं. मला स्वतःला तीच धाव आवडते. धनगरांची तट्टं पळायला लागली की मात्र लोक उठून भाकरी खायला जातात. शेजारच्या जत्रेत यंदा एका जुवाला बैल आणि घोडा जुंपला, तर माणसं बाभळीवर चढली म्हणे! म्हणून आम्ही तट्टांची धाव बंद करून बैल-घोड्याची धरली आहे.

मल्हारीच्या मेंढ्या सध्या तुझ्याच रानात बसल्या आहेत ना? त्याचा बाप आपल्या रानात मेंढ्या बसवायचा, तेव्हापासूनचा आपला सोबती. त्याची ती घोडी, साळी, घेऊन तो दर साली तट्टांच्या धावेला येतो. धाव बंद झाल्याचं त्याला तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर लागणार नाही.

दाजींना नमस्कार, कमलला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा
दिनकर


पालम
ता. १९ जानेवारी १९५५

चि. दिनकर यास अक्काचा लय लय आशीर्वाद. मी बोलायलेय, कमल लिहायलीय. चुकलं तर लेकराला हसू नको.

दाजींचा खोकला उतरलाय. तुझं काम केलं, पन मला बरं वाटलं न्हाई. मल्हारी आधी हसला. मग म्हनला, गावची माणसं जेवायला उठतात तवाच आमच्या माणसांना बांधावर जागा व्हती. त्याची माय भिवराबाई सगळ्या जत्रंत तेवढी एक धाव बगती. चिटणीससाहेब, हे तुमच्या ध्यानात आलं का?

आता तो बैल-घोड्यात साळीला पळवतो म्हनायलाय, बैल कुनाचा तरी मागीन म्हनतो. मी नको म्हनून बजावलंय. साळीचं वय झालंय, गुडघे धरलेत. बैलाच्या ओढीला तट्टू पुरतं का रे? तुज्याकडं आला तर माघारी लाव. आन् तट्टांची धाव सकाळच्या पारी घ्या, कोन बगो न बगो.

कामाच्या नादात भाकरी विसरू नको, आन् बहिणीलाबी.

अक्का


वाडी
ता. ११ फेब्रुवारी १९५५

ती. अक्कास शि. सा. न.

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. नव्या धावेची दवंडी फिरली होती म्हणून मी गप्प बसलो. मल्हारी आला, त्यानं बैल मागितला आणि मी आपला हरण्या दिला. त्याची धाव काढून घेतली, निदान बैल तरी द्यावा असं मनात होतं. पण तुझ्यापासून काय लपवू? नव्या धावेला तीनच नावं आली होती. चौथं मिळालं याचा मला आनंद झाला.

निशाण पडलं. निम्म्या पटापर्यंत हरण्या आणि साळी सगळ्यांच्या पुढं होते. असली आरोळी मी जन्मात ऐकली नाही. मग हरण्यानं डावीकडं ओढ घेतली. साळीला ती पेलली नाही. ती गुडघ्यांवर पडली आणि छकडा तिच्या अंगावरून गेला. गर्दीतल्या मागच्या लोकांना वाटलं मल्हारी जिंकला. ते ओरडतच राहिले.

मल्हारीला नुसतं खरचटलं. त्यानं आधी हरण्याला सोडवलं, त्याच्या तोंडाचा फेस पुसला आणि दावं माझ्या हातात दिलं. तुमचा बैल सांभाळा मालक, म्हणाला. आजवर तो मला दिन्या म्हणत आला होता. साळी दुपारी गेली. मला त्यानं जवळ येऊ दिलं नाही.

रागाव, पण पत्र टाक.

दिनकर


पालम
ता. २ मार्च १९५५

चि. दिनकर यास आशीर्वाद.

मल्हारी चालत आला. मी नको म्हनलं होतं ना, एवढंच म्हनले आन् आत गेले. पानीबी इचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेंढ्या उठवल्या, अजून पंधरा दिस बसायच्या होत्या.

तुमच्या पटात साळी वरसातून घटकाभर पळायची रे. बाकी वरसभर त्यांचं घर तिच्या पाठीवर असायचं. भांडी, वाकळा, नवी कोकरं, पाय दुखले की भिवराबाई. आता सगळं डोक्यावर घेऊन निघाले. म्हातारी सारखी खाली बसायली. मी दारातनं बगत व्हते. हाक मारायला पायजे व्हती. कुठं गेले, कळंना झालंय.

तू जीवाला लावून घेऊ नको असं मी म्हननार न्हाई. पन पत्र लिहीत जा.

अक्का


वाडी
ता. १४ जानेवारी १९५६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मल्हारी सापडला. पाथरीच्या अलीकडं एका शिवारात मेंढ्या होत्या. कमिटीचे आबासाहेब यंदा बैल-घोड्याच्या बारा जोड्या धरायच्या म्हणाले. लोक वर्षभर त्याच धावेचं बोलतात. मी नको म्हणालो, तर सगळे हसले. मी चिटणिशी सोडली आणि तसाच मल्हारीचा माग काढत पाथरीला गेलो.

त्यानं घोंगडी अंथरली, दूध दिलं. मी माफी मागितली. तेव्हा तो म्हणाला, साळीला झेपणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण एवढी माणसं एकदा आपल्या नावानं ओरडावीत, असं फार दिवसांपासून मनात होतं. आणि ती ओरडली. ती आरोळी अजून गोड लागते, याचीच त्याला लाज वाटते. त्या लाजेनंच तो तुझं रान सोडून गेला.

भिवराबाईला चालवत नाही म्हणून तिला पालमजवळच्या वस्तीवर, नात्यातल्या तानुबाईकडं, ठेवून आलाय. निघताना त्यानं मला मालकच म्हटलं.

तिची एकदा विचारपूस करशील का? माझं तोंड नाही.

दिनकर


पालम
ता. ३० जानेवारी १९५६

चि. दिनकर यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दाजींनी गाडी जुंपली. भिवराबाईला मी आमच्या घरी आणलंय. भाकर चुरून देते, खाती. उन्हाला बसती. मल्हारीला सांगावा धाडलाय, की मेंढ्या हिकडंच आण.

गेल्या साली ती मेंढ्यांपाशी मागं राहिली व्हती, आन् तट्टांची धाव बंद झालीय हे मल्हारीनं तिला सांगितलंच न्हाई. माघ लागला का, आपल्याला पटाला कवा निघायचंय, असं रोज इचारती. मी उद्या सांगते म्हनते. काय सांगू ते तूच कळव.

अक्का