बॅटरी अजून चौसष्ट टक्के आहे

पीयूष,

तुही सिंधुआत्या आज सकाळी दुर्गच्या दवाखान्यात वारली. "भाऊले फोन लावा" म्हणत होती. तिच्या गंधारनं मले नऊ वेळा लावला. फोन माह्या खिशातच होता, एकदाबी वाजला नाही. शेवटी तो मोटरसायकलनं घरी आला, तवा समजलं.

परवा तूच माह्या फोनात तू बनवलेला कर्नल टाकला, फोन चालवणारं ते आतलं सॉफ्टवेअर. म्हणे बाबा, आता बॅटरी दोन दिवस चालन. चालून राहिली. अजून चौसष्ट टक्के आहे.

तू इंटरनेटवर काय लिहिलं, ते तुह्या मोनाताईनं आत्ता मले वाचून दाखवलं. टेस्टिंग चालू आहे, स्क्रीन बंद असली का कॉल येत नाही, रोजच्या फोनात टाकू नका. साऱ्या दुनियेले बरोबर सांगतलं. मले कावून नाही सांगतलं? तुह्या फोनात तर कंपनीचाच कर्नल आहे म्हणते मोना.

तू झोपून होता, उठवावं नाही वाटलं. चार वाजता शिवनाथ नदीच्या घाटावर ये.

माहा फोन तुह्या लॅपटॉपजवळ ठेवला, तुही टेस्टिंग करून घे. तुहा मी घेऊन चाललो. त्याची घंटी वाजते.

बाबा