कुलूप लावलेलं घर

भवानी पेठ, सोलापूर
१२ मार्च २०२५

ति. दाक्षायणीअक्कास,
धाकट्या वीरभद्राचा शि. सा. नमस्कार.

आमच्या संग्रहालयातलं प्रदर्शन रविवारी उघडतंय. तीन हजार वर्षांपूर्वी पाऊस हटला आणि नदीकाठची माणसं गाव सोडून गेली. उत्खननात सापडलेले त्यांचे रांजण, पाटे-वरवंटे, जळके दाणे मांडलेत. शेवटच्या भिंतीवर आजचा हवामानबदल. पाट्यांचा मजकूर अस्मादिकांचा. संस्कृतच्या मास्तराला जिवंत माणसं विचारत नाहीत, मेलेल्यांनी तरी काम दिलं!

तुझ्या गुरूला मुलगी देऊ पाहणाऱ्या टेंभुर्णीच्या पाहुण्यांनाही बोलावलंय. मुलाचा मामा काय चीज आहे ते कळू दे. लोभ आहेच, तो वाढला तर हरकत नाही.

तुझा,
वीरभद्र

केम
२० मार्च

चि. वीरभद्रास अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर शिव्याच तोंडात आल्या असत्या, म्हणून पत्र.

कळलं पाहुण्यांना, मामा काय चीज हाय ते. त्यांनी मोबाईलवर फोटू दावला. शेवटच्या भिंतीवर माझंच घर की रे! दाराला कुलूप, आन् खाली तुझी पाटी: 'जलाभावामुळे निर्मनुष्य झालेली वस्ती.' शेजारगावी शरणम्माच्या नातवाच्या बारशाला गेले होते, तवा काढलास व्हय? मागल्या महिन्यात त्याच कट्ट्यावर बसून च्या पिलेत ते. आता म्हणत्यात, जरा थांबू. गुरू बोलत न्हाय, धड जेवत न्हाय.

पाणी कमी हाय, खोटं न्हाय. पण आमी हाय की हितं. एकदा इचारावं वाटलं न्हाय तुला?

तरी जपून ऱ्हा.
अक्का

सोलापूर
२४ मार्च

ति. अक्कास,
नमस्कार लिहितानाही मान वर होत नाही.

ओसाड घराचा फोटो हवा होता आणि माझ्याकडे तेवढाच होता. तू संध्याकाळी परतणार हे ठाऊक असून पाटी लिहिली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल लिहिताना प्रत्येक पाटीवर 'बहुधा' घातलंय. सख्ख्या बहिणीबद्दल एकदाही घातलं नाही.

फोटो उतरवला. काल टेंभुर्णीला जाऊन पाहुण्यांसमोर सगळं कबूल केलं. त्यांची मुलगी अपेक्षा आतून बाहेर आली आणि म्हणाली, मामा, घर मी स्वतः बघते. रविवारी ती आईला घेऊन केमला येतेय. गुरूला जेवायला सांग.

भिंत रिकामी आहे. तिथं काय लावायचं ते तू ठरव, पाटीही तूच सांग; मी नुसता लिहून घेईन. रविवारी मीही येतो. दार उघडं ठेव.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
वीरभद्र