दारालगतचं ठिगळ

मंगळवार, १० जानेवारी १९७८. रामला, इस्राएल
टीव्हीवाली नुरित आज विमानदुरुस्तीच्या कारखान्यात आली. पडद्यावर दिसते त्यापेक्षा बुटकी. आपलं जुनं नोराटलास मालवाहू विमान पुढच्या महिन्यात सेवेतून निघतं, त्याच्यावर अर्ध्या तासाची फिल्म काढायची आहे. फोरमननं मला पुढे केलं, ‘इथला सर्वांत जुना हात.’ बाईनं पहिल्याच वाक्यात दोन विमानं जोडून केलेलं विमान म्हटलं. म्हटलं, बाई, धड एकच, शेपट्या दोन. तिनं वहीत लिहून घेतलं. चुकीचं बोललेलं मला सहन होत नाही.
मग तिनं मागच्या डाव्या दाराजवळ नेलं. चौकटीच्या आत पत्र्यावर पेन्सिलीनं आकडे, १ ते ४२. आपले, मराठी. ‘ही कुठली लिपी? इथं हिंदी माणूस एकच आहे म्हणतात. तुमचंच अक्षर ना?’
हो म्हटलं.
एवढंच. पुढे सगळं बरं झालं. कॉफी पाजली तिनं.

बुध. ११ जाने.
माझं अक्षर नाही. माझा पाच असा नसतो.

रवि. १५ जाने.
बायकोनं, रिबेकानं, गल्लीभर सांगितलं. अख्ख्या चाळीला (ती अजून या इमारतीला चाळ म्हणते) कळलं की सॉलोमन टीव्हीवर येणार. ओर्नाला सांगितलं तर हिब्रूतच, ‘अब्बा, निळा शर्ट घाल, पट्ट्यांचा नको.’ मुलगी एकोणीसची झाली, मराठीला मराठीत उत्तर नाही.
रि. म्हणाली, ‘दादाला पण बोलवू. मलिदा करू. एलियाहू हन्नाबीचं, आपल्या पैगंबराचं, नाव घेऊ. आपल्या माणसाचं नाव निघतंय.’
दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ बिन्यामीन. किर्यात मलाखीत राहतो, डबे भरायच्या फॅक्टरीत आहे.
म्हटलं, त्याला कशाला एवढ्या लांबून. ती म्हणाली, ‘लांब? एक बस.’

मंगळ. १७ जाने.
आज शूटिंग. जसंच्या तसं लिहितो, नाहीतर उद्या मलाच वेगळं आठवेल.
नुरित: ‘हे ठिगळ लढाईच्या तोंडावर बसवलं ना? कागदावर तुमची सही आहे, रविवारची.’
मी: ‘हो. पत्रा फाटला होता, वीतभर. रिव्हेट बेचाळीस, दोन रांगा.’ (तिनं आधी चाळीस म्हटलं होतं. दुरुस्त केलं.)
‘आणि तुम्ही एकट्यानं? रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात म्हणतात.’
बरोबर विचारलं तिनं. बाहेरून एक ठोकतो, आतून दुसरा लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. पण हे ठिगळ अगदी दारालगत आहे, लांब हाताचा माणूस उजवा हात बाहेर, डावा चौकटीला वळसा घालून आत, असा एकटा करू शकतो. मी समजावलं. छान समजावलं, फोरमनसुद्धा ऐकत राहिला.
‘करून दाखवा ना.’
ठोकळा घेतला. डावा हात आत घातला. पहिली रांग बरोबर. दुसऱ्या रांगेला हात चार बोटं कमी पडला. खांदा चौकटीवर दाबला, टाचा उचलल्या. तरी कमी. कॅमेरा चालू.
‘वय झालं,’ मी म्हणालो. सगळे हसले. बाईपण.
वयानं हात आखूड होत नाहीत.

गुरु. १९ जाने.
दोन दिवस लिहिलं नाही. आज लिहितो. ही वही कुणी वाचत नाही, इथं तरी.
जून सदुसष्ट. लढाई लागायच्या आधीचा शनिवार. तेव्हा बि. कारखान्यात माझा मदतनीस होता, आणि आम्ही एकाच जिन्यात राहत होतो, तो वर, आम्ही खाली. सकाळी कारखान्याची जीप आली, मला न्यायला. लायसन माझं होतं. गल्लीत तीन दिवस वाळूची पोती भरत होते, सगळे म्हणत होते विमानतळावर पहिला बाँब पडणार. मी आतल्या खोलीत गेलो. रिबेकाला म्हटलं, सांग ताप आहे.
ताप नव्हता.
बि. जिन्यात उभा होता, सिनेगॉगला निघालेला, डोक्यावर टोपी. कोकणात त्याच्या बापाचा घाणा होता. शनिवारी, देवाच्या विश्रांतीच्या वारी, बैलालासुद्धा जू लावत नसत. म्हणून तर लोक आम्हां ज्यूंना शनिवार तेली म्हणायचे. हा माणूस शनिवारी दिव्याचं बटण दाबायचा नाही. तो ड्रायव्हरला म्हणाला, ‘मी येतो. काम मला येतं.’ आणि जीपमध्ये बसला.
मी खिडकीच्या पडद्यातून पाहिलं.
रवि. सकाळी गेलो तर ठिगळ बसलेलं. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. बोटानं एकदा ठोकून पाहिलं, आणि कागदावर ‘काम केले’ आणि ‘काम तपासले’ दोन्हीकडे माझी सही. तारीख रविवारची. बि. जवळच होता. म्हणाला, ‘बरं झालं. माझा मोडलेला शनिवार झाकला गेला. कुणाला बोलू नको, सॉलू.’
बोललो नाही. दहा वर्षं स्वतःला सांगत आलो, मी त्याचा शनिवार झाकतोय.

शुक्र. २० जाने.
पुढचं पण लिही.
दोन वर्षांनी कारखान्यानं बिनलायसनची माणसं कमी केली. परीक्षा हिब्रूत. मी आधीच रोजचा पेपर आणि डिक्शनरी घेऊन हिब्रू एकट्यानं शिकलो, कुणी शिकवलं नाही, त्याचा अभिमान आहे, अजून आहे. बि.ला हिब्रू वाचता येत नव्हतं. मी त्याला शिकवू शकलो असतो. तेव्हाच्या फोरमननं मला विचारलं, ‘तुझा मेव्हणा कसा आहे, हत्यारं देण्यापलीकडे काही येतं?’
मी म्हणालो, ‘मदतीला बरा आहे.’
त्या आठवड्यात बि. कामावरून गेला.

सोम. ३० जाने.
नुरितला फोन केला. धीर करून. म्हटलं, त्या दारापाशी मी बोललो तेवढं काढून टाकता येईल का?
‘सॉलोमन, काय बोलता! फिल्म त्याच्यावरच उभी आहे.’
म्हटलं, थोडी चूक आहे माहितीत.
‘रिव्हेटची संख्या?’
नाही.
‘मग ठीक आहे.’ आणि हसून म्हणाली, ‘तुमच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही.’
फोन ठेवला. पुढचं वाक्य तयार होतं, तोंडात होतं.

बुध. १५ फेब्रु.
आज लागली फिल्म.
घरात बावीस माणसं. रि.नं मोठ्या ताटात मलिदा केलेला, पोहे, खोबरं, गूळ, वर केळी, सफरचंदं, खजूर. बि. दुपारच्या बसनं आला. नारळ घेऊन आला, या देशात कुठून मिळवला देव जाणे. अजून उंच आहे, वाकलाय थोडा. मलिद्याच्या प्रार्थना त्यानंच म्हटल्या, सगळ्या पाठ, त्याचा आवाज चांगला. एलियाहू हन्नाबीचं नाव आलं तेव्हा मी खाली ताटात बघत होतो.
मग टीव्ही. विमान उडताना छान दिसलं. मग मी. निळा शर्ट. बायका ओरडल्या. ‘अगंबाई, सॉलोमन! साहेब दिसतो!’ मग पेन्सिलीचे आकडे, अगदी जवळून, पडदा भरून. मग माझा हात आत जाताना. पुरत नाही. टाचा उचलतो. ‘वय झालं.’ खोलीत हशा. ओर्ना पण हसली, ‘अब्बा!’ आणि टाळ्या.
मी बि.कडे पाहिलं नाही. त्याचा डावा हात खुर्चीच्या पाठीवरून लोंबत होता. तो पाहिला.
शेवटी नुरित म्हणाली की सदुसष्टची लढाई या साध्या माणसांच्या हातांनी वगैरे. शेजारच्या डॅनियलनं माझा हात धरून वर केला.
रि. हसली नाही. ताप नव्हता हे तिला माहीत आहे. तिनंच तर सांगितलं होतं जीपवाल्याला. दहा वर्षांत एकदाही बोललेली नाही. आज मलिद्याचं ताट उचलताना एवढंच, ‘दादाला बसपर्यंत सोडून ये. एकट्याला पाठवू नको.’

गुरु. १६ फेब्रु.
स्टॉपवरचं बोलणं, आठवतं तेवढं.
बि. आधी बराच वेळ सफरचंदं महाग झाल्याचं बोलत होता. मग, ‘तेविसावा रिव्हेट वाकडा आहे. टीव्हीवर दिसला. तेव्हा वाटलं काढून परत मारावा, पण सूर्य बुडायला आला होता.’
मी म्हटलं, ‘बिन्यामीन, मी...’
‘चांगला दिसलास. शर्ट चांगला.’
म्हटलं, तुझा शनिवार निघायला नको म्हणून मी...
तो हसला. म्हणाला, ‘अरे, मी त्याच वर्षी हाखामाला, आपल्या धर्मगुरूला, विचारलं होतं. म्हणाला, जीव वाचवायचं काम होतं, पाप नाही, उलट मिट्झवा, पुण्याचं काम. माझा शनिवार तेव्हाच मोकळा झाला.’
‘मग सांगितलं का नाहीस?’
‘कुणाला? तू विचारलंस?’
बस आली. पायरीवर चढून मागे वळला. ‘सॉलू, मला त्या कामाचं काही नाही. पण मदतीला बरा आहे म्हणालास ना, ते फोरमननं मला सांगितलं होतं. तेवढं लागलं.’
दार बंद झालं. मी हात केला की नाही आठवत नाही.

रवि. १९ फेब्रु.
विमान म्युझियमला जायचंय. फोरमननं फॉर्म दिला. दाराजवळ पाटी लागणार: दुरुस्ती कुणी केली, कुठल्या दिवशी. ‘तुझं नाव बरोबर लिही म्हणजे झालं, सोमवारी, सत्तावीसला दे.’
घरी येऊन लायसनकडे पाहिलं. काचेत लावलंय, हॉलमध्ये. नीट न तपासता, न केलेल्या कामावर सही केली हे निघालं तर ते जातं. पेन्शनला सहा वर्षं. कायदा मला पाठ आहे, इतरांना मीच शिकवतो.

गुरु. २३ फेब्रु.
आज रजा टाकून किर्यात मलाखीला गेलो. फॅक्टरीच्या फाटकावर थांबलो. जेवणाच्या सुट्टीत बि. बाहेर आला, हाताला डिंक. फॉर्म दाखवला. म्हटलं, तुझं नाव घालतो.
हिब्रू वाचता येत नाही त्याला अजून. मी वाचून दाखवला, ओळ न ओळ. त्यानं नीट ऐकलं.
‘नाव घालणार?’
‘हो.’
‘आणि वार?’
मी फॉर्मची घडी घातली.
‘कागदावर रविवार आहे ना तुझा. नाव माझं आणि वार तुझा, असं नको. घालायचं तर शनिवार घाल. नाहीतर राहू दे, आहे तसं. मी रागावणार नाही, खरंच.’ मग डबा उघडून अर्धी चपाती माझ्या हातात दिली. ‘खा. सकाळचा निघालास.’
खाल्ली. उभ्यानंच. भाजी वांग्याची होती.

रवि. २६ फेब्रु.
रि.ला सगळं वाचून दाखवलं, या वहीतलं. तीन पानं. ती भांडी पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘जिन्यात दादा उभा होता तेव्हा त्यानं आत पाहिलं होतं. तू पडद्यामागे होतास ते त्याला दिसलं होतं.’
विचारलं, तुला कसं माहीत?
‘तोच म्हणाला मला, त्याच दिवशी. म्हणाला, घाबरलाय तो, त्याला बोलू नको काही.’
फॉर्म टेबलावर आहे. नावाच्या ओळीत बिन्यामीन लिहिलंय. शाईनं, ठळक, दोनदा तपासून.
वाराची ओळ कोरी आहे. उद्या सोमवार.