शिंजिराने अडवलेला स्लॅब

२० मे

तर काय चुकलं माझं? पाखरासाठी कोणी स्लॅब थांबवतं का? आई तेच धरून बसलीय— "शिंजीर आहे रे, रानातला! दोन अंडी घातलीत." आंबोलीत रान काय कमी आहे? याला माझ्याच नव्या खोलीची सळी मिळाली घरटं टांगायला!

दोन वर्षं इंदुरात शेव तळतोय ती या खोलीसाठी. पावसाआधी स्लॅब पडला तर खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायची, नि मी कायमचा घरी. नाही पडला तर गेलं काम दसऱ्यावर.

२१ मे

निखिल, माझ्या शेजारच्या कढईवरचा, हसत सुटला— "भिया, इत्ती सी चिड़िया ने तेरा लेंटर रोक दिया!"

मला नाही आलं हसू.

२४ मे

फोन केला. आई म्हणाली, "पैसा तुझा, खोली तुझी. रामभाऊंकडे देते फोन. तूच सांग, काढा म्हणून." रामभाऊ आमचे गवंडी. सांगितलं मी. काढा!

तर म्हणाले, "बाळा, सुनेला सातवा लागलाय. घरात गरोदर बाई असताना अंड्यांवरच्या पाखराचं घर मोडू मी? तू ये. तूच काढ."

फोन ठेवला.

२५ मे

भट्टीवर मनगट भाजलं. लिहायचं मन नाही.

२ जून

क्षितिजाने व्हिडिओ पाठवला. ताईगिरी करते, आहे धाकटी! पिल्लं निघाली. मादी मळकट, अंगठ्याएवढी. बारीक कोळी आणून चोचीत कोंबते. नर पलीकडे जास्वंदीवर मध चोखतोय, पाठ लालभडक. मागे आईचा आवाज— "हूड मेल्या बोक्या!" उन्हात बादली पालथी घालून राखण करते बाई. गुडघे दुखतात म्हणून रोज रडगाणं, आणि हे!

तीनदा बघितला. शिव्या द्यायला फोन घेतला होता, लावलाच नाही.

पिल्लं उडेपर्यंत पाऊस येणार. हिशेब सरळ आहे.

३ जून

शेठला म्हटलं, दसऱ्यापर्यंत आहे मी इथेच. तो म्हणतो, "जा ही कब रहा था?"

रामभाऊंना कळवलं— भिंतींवर ताडपत्री टाका, घरट्याची बाजू उघडी ठेवा. ताडपत्रीचे आईला पाठवतोय— चार हजार दोनशे.